जेंबे, दुनुन आणि नाच: शिकणारे, शिकवणारे आणि कार्यक्रम ठरवणारे यांचे नेहमीचे प्रश्न

खालचे प्रश्न पश्चिम आफ्रिकेतल्या मांडे परंपरेच्या वादन-नृत्याबद्दल आहेत. म्हणजे मुख्यतः गिनी आणि माली, आणि थोडं त्यांच्या शेजारी देशांबद्दल. सुरुवातीचे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे आणि अपवादाचे नंतर. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा येऊ नये म्हणून जागोजागी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. "आफ्रिकन डान्स" शिकायचा आहे. कुठून सुरुवात करू?

आधी एक नाव निवडा. आफ्रिकेत 54 देश आहेत, त्यामुळे "आफ्रिकन डान्स" म्हणणं म्हणजे लावणी, भांगडा आणि कथकलीला मिळून "एशियन डान्स" म्हणण्यासारखं आहे. भारतातल्या आणि परदेशातल्या कार्यशाळांत जे सर्वांत जास्त शिकवलं जातं ते गिनी-मालीचं मांडे नृत्य, जेंबे आणि दुनुनच्या साथीवर. घानाचं एवे वादन, सेनेगलचं साबार, झिंबाब्वेचं म्बिरा, दक्षिण आफ्रिकेचा गमबूट नाच या सगळ्या वेगळ्या वाटा आहेत. त्यांची वाद्यं वेगळी आणि पावलंही वेगळी. वर्गाच्या जाहिरातीत देशाचं किंवा तालाचं नाव नसेल, तर नाव नोंदवण्याआधी विचारा.

2. जेंबे आणि दुनुन यांत फरक काय? दोन्ही लागतात का?

जेंबे हा पेल्याच्या आकाराचा, एकाच बाजूने मढवलेला, हाताने वाजवायचा ढोल. त्यावर बकरीचं कातडं असतं. दुनुन दंडगोल असतो आणि दोन्ही बाजूंनी गाई-बैलाच्या जाड कातड्याने मढवलेला असतो. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने वर बांधलेली लोखंडी घंटा. दुनुन तीन आकारांचे: केंकेनी सर्वांत लहान, सांगबान मधला, दुनुन्बा सर्वांत मोठा.

दोन्ही लागतात. केंकेनी एकच छोटी आकृती न थांबता धरून ठेवते, सांगबानच्या आकृतीवरून ताल ओळखू येतो आणि दुनुन्बा खाली लांब वाक्यं टाकतो. जेंबेची साथ अनेक तालांत जवळपास सारखीच असते. त्यामुळे दुनुन काढून टाकले तर कोणता ताल चालू आहे हे गिनीतल्या जाणकारालाही सांगणं अवघड जातं. ज्या वर्गात 20 जेंबे आहेत आणि एकही दुनुन नाही, तिथे हात शिकतील, ताल शिकणार नाही.

मालीत संच लहान असतो. अनेकदा दोनच दुनुन, त्यांतला लहान म्हणजे कोंकोनी. नृत्यसंघांच्या पद्धतीत तीन दुनुन उभे बांधून एकच माणूस दोन काठ्यांनी वाजवतो आणि घंटा बहुतेक वेळा गळतात. खेड्यातल्या पद्धतीत तीन वादक, तीन घंटा. शिकताना दुसरी पद्धत धरा, कारण एका हाताने काठी आणि दुसऱ्याने घंटा हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते मागाहून लावणं कठीण जातं.

3. तबला किंवा ढोलकी येते. जेंबे लवकर येईल ना?

कान तयार असतो, पण हात उलटा लागलेला असतो. तबल्यावर हात कातड्यावर टेकून राहतो आणि बोटं स्वतंत्रपणे काम करतात. जेंबेवर हात पडतो आणि लगेच उसळून वर येतो. कातड्यावर राहिला तर आवाज मिटतो.

मुख्य आघात तीन:

बास: पूर्ण तळवा कातड्याच्या मध्याकडे, उसळी घेऊन परत.
टोन: बोटं जुळलेली, बोटांच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा काठावर, बोटं सपाट पडतात. आवाज गोल येतो.
स्लॅप: हाताची जागा जवळपास तीच, पण बोटं थोडी सैल आणि सुटी, टोकं चाबकासारखी लागतात. आवाज उंच आणि कोरडा.

टोन आणि स्लॅप सारखेच ऐकू येतात, ही नवशिक्यांची पहिली तक्रार. कारण जवळपास नेहमी एकच: स्लॅप म्हणजे जोरात मारलेला टोन असं समजून ताकद वाढवली जाते आणि हाताचा आकार तसाच राहतो. आधी टोन हळू आवाजात शंभर टक्के स्वच्छ करा. स्लॅप मग तितक्याच हळू आवाजातही वेगळा ऐकू आला पाहिजे. अंगठा काठावर आपटत असेल तर कोपरं फार खाली आहेत. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. अंगठीने बोट सुजतं आणि कातडंही फाटतं.

4. तबल्यासारखे बोल नाहीत का?

खेड्यात गुरू ओळ तोंडाने म्हणून दाखवतो, पण सगळीकडे एकच ठरलेली बोलपद्धत नाही. नायजेरियात जन्मलेले, अमेरिकेत शिकवणारे बाबातुंदे ओलातुंजी यांनी रुळवलेले बोल आता जगभर चालतात. उजव्या हाताचा बास गुन, डाव्याचा दुन. उजवा टोन गो, डावा दो. उजवा स्लॅप पा, डावा ता. मराठी विद्यार्थ्याला हे पटकन बसतं, कारण बोल म्हणत शिकायची सवय असतेच. मांडे ताल लिहून घ्यायलाही ते पुरतात. खालच्या उत्तरात तेच वापरले आहेत. डावखुऱ्यांनी हात उलटे धरावेत.

5. सगळे एकदम सुरू होतात, एकदम थांबतात. ते कसं जमतं?

मुख्य जेंबेवादक इशारा देतो. चौपट लयीच्या, म्हणजे एका ठोक्यात चार मात्रा असलेल्या तालांत सर्वांत जास्त चालणारा इशारा 16 मात्रांचा आहे:

फ्लॅम – गो दो | – दो – दो | गो – गो – | गो – – –

फ्लॅम म्हणजे दोन्ही हात किंचित मागेपुढे, एका आघातासारखे. आडवी रेघ म्हणजे रिकामी मात्रा. हात आपोआप उजवा-डावा पडतात, विषम मात्रेवर उजवा आणि सम मात्रेवर डावा, म्हणून रिकाम्या जागीही हात हवेत चालू ठेवला की गडबड होत नाही.

याच इशाऱ्याने ताल सुरू होतो, याच इशाऱ्याने नर्तकांचं पाऊल बदलतं आणि यानेच सगळं थांबतं. ढोल-ताशा पथकात ताशेवाला जे काम करतो तेच इथे मुख्य जेंबेकडे असतं. दोन चुका सारख्या दिसतात. पहिली, इशारा देताना वेग वाढतो आणि पुढचा ताल आधीच्यापेक्षा जलद सुरू होतो. दुसरी, शेवटच्या तीन रिकाम्या मात्रा कोणाला धीर नसल्यामुळे खाल्ल्या जातात आणि नर्तक अर्धा ठोका आधी उडी मारतात. उपाय एकच: इशारा चालू असताना सर्वांनी पायाने ठेका धरायचा.

त्रिपट लयीच्या, म्हणजे एका ठोक्यात तीन मात्रा असलेल्या तालांचा इशारा वेगळा असतो. वरचा इशारा तिथे बसवायला जाऊ नका.

6. सम कुठे असते?

आपल्यासारखं आवर्तन, सम आणि खाली अशी मांडणी तिथे नाही. अनेक आघातांच्या ओळी ठोक्याच्या आधी किंवा नंतर सुरू होतात. घंटेची आकृती ऐकून ज्याला "एक" वाटतो तो बरेचदा एक नसतो. खरा ठोका नर्तकाच्या पायात असतो. म्हणून नवीन ओळ शिकताना आधी उभं राहून पाय चालू ठेवा, मग ओळ तोंडाने म्हणा आणि शेवटी हात लावा. बसल्या बसल्या शिकलेली ओळ नाच सुरू झाल्यावर हमखास सरकते.

आणखी एक. लिहिलेल्या मात्रा समान अंतराच्या दिसतात, पण प्रत्यक्ष वादनात त्या समान नसतात. मालीतल्या वादकांच्या ध्वनिमुद्रणांच्या मोजमापांत हे स्पष्ट दिसतं: ठोक्याचे पोटभाग लांब-आखूड ठेवलेले असतात आणि ते वादकागणिक बऱ्यापैकी स्थिर असतात. मेट्रोनोमवर घोटून ताल "बरोबर" झाला, तरी नाचवत नाही, त्याचं कारण बहुधा हेच. वेग स्थिर करायला मेट्रोनोम वापरा, डौल शिकायला ध्वनिमुद्रण आणि माणूस.

7. पहिला जेंबे कोणता घ्यावा? काय पाहून घ्यावा?

प्रौढांसाठी तोंडाचा व्यास 30 ते 33 सेंमी आणि उंची सुमारे 60 सेंमी. लेंके, जाला, दुगुरा यांसारख्या जड लाकडाचे गिनी-मालीचे जेंबे एका ओंडक्यातून कोरलेले असतात, वजनदार असतात आणि त्यांचा स्लॅप खणखणीत येतो. घानाचे बरेच जेंबे हलक्या, मऊ लाकडाचे असतात. भारतातल्या दुकानांत जास्त मिळतात ते इंडोनेशियाचे, महोगनीचे. सरावासाठी ते चालतात, मात्र सुंदर नक्षी पाहून पैसे देऊ नका.

हातात घेतल्यावर हे पाहा. काठ बोटाने चाचपा. आतून बाहेर गोलाई असली पाहिजे, धारदार काठ बोटं सोलतो. वरची कडी काठाच्या साधारण 2 ते 3 सेंमी खाली हवी. काठाला लागून असेल तर बोटं लोखंडावर आपटतील आणि पुढे ओढायला जागा राहणार नाही. आतल्या बाजूने टॉर्च मारून भेग पाहा, विशेषतः वाटी आणि पायाच्या सांध्याला. दोऱ्या 4.5 ते 5 मिमीच्या, न ताणणाऱ्या, गिर्यारोहणाच्या दोरीसारख्या विणलेल्या हव्यात. साधी नायलॉनची सुतळी असेल तर जेंबे दर आठवड्याला उतरणार. सर्वांत आधी बास वाजवून पाहा: घट्ट घुमला पाहिजे, पिठाच्या डब्यासारखा नको.

वर्गासाठी एकदम 10-12 घ्यायचे असतील तर फायबरचे, चाव्यांनी ताण बदलता येणारे जेंबे शाळांना परवडतात. पावसाळ्यात त्यांचा त्रासही कमी. आवाज मात्र कोरडा आणि सारखाच राहतो.

8. पावसाळ्यात कातडं उतरतं, उन्हाळ्यात फाटतं. काय करावं?

कातडं हवेतला ओलावा पितं. मुंबई, कोकण, गोव्यात जूनपासून जेंबे आपोआप खाली येतो. वाजवण्याआधी थोडं ऊन किंवा हेअर-ड्रायर एक हात लांबून, सतत फिरवत. एकाच जागी धरला तर तिथलं कातडं भाजून चिवटपणा जातो. कायम ओढून घट्ट करू नका, नाहीतर ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत तेच कातडं जास्त ताणलं जाईल.

उलटी अडचण विदर्भ-मराठवाड्यात, एप्रिल-मेमध्ये. मुंबईत चढवलेला जेंबे नागपूरला नेताना आडव्या विणकामातल्या काही गाठी सोडून मगच न्या. बंद गाडीत उन्हात ठेवलेला जेंबे संध्याकाळपर्यंत फाटलेला मिळणं ही कातडं गमावण्याची सर्वांत सोपी पद्धत आहे. कातड्याला तेल चोळू नका. ते जड होतं आणि आवाज बसतो.

9. कातडं स्वतः बदलता येतं का?

येतं, फक्त घाई चालत नाही. पायऱ्या:

दोरीची विण, तळाची कडी आणि आधीचे फास कसे आहेत याचे फोटो काढून मग सोडा. काठ बारीक सँडपेपरने गुळगुळीत करा. बकरीचं कातडं साध्या पाण्यात पूर्ण मऊ होईपर्यंत भिजवा. पातळ असेल तर काही तास, जाड असेल तर रात्रभर. गरम पाणी नको, कातडं शिजतं आणि नंतर सांध्याला फाटतं. पाठीच्या कण्याची रेघ बरोबर मध्यावर येईल असं ठेवा, म्हणजे दोन्ही हातांखाली सारखी जाडी येते. कड्यांमध्ये कातडं पकडून उभ्या दोऱ्या हाताने सारख्या ओढून घ्या आणि कडी सगळीकडून समान उंचीवर आहे ना ते पट्टीने मोजा. ओलं असताना मध्यम ताणापुरतंच ओढा.

सावलीत 3-4 दिवस वाळू द्या, पावसाळ्यात आठवडा. मग केस ब्लेडने काढा, ब्लेड जवळपास आडवं धरून. कोरडी ओढ त्यानंतर, एक-दोन दिवसांच्या अंतराने दोनदा. शेवटी आडवी विण: दोरी दोन उभ्या दोऱ्यांखालून, परत एकीवरून, आणि ओढली की दोन दोऱ्या एकमेकींवर चढून चौकट पडते. एकेक गाठ ताण वाढवते.

बिघडतं ते बहुधा दोन ठिकाणी. ओलं असताना जीव तोडून ओढलं, तर वाळताना आकसून फाटतं. किंवा ओलं असताना फारच सैल ठेवलं, तर वाळल्यावर कडी काठाच्या वर अडकते आणि सगळं परत भिजवावं लागतं.

10. कोणते ताल आधी शिकावेत? त्यांचा अर्थ काय?

यांकादी-माकरू गिनीच्या किनाऱ्यावरच्या सुसू लोकांचा. मुलामुलींच्या भेटीगाठीचा नाच: संथ यांकादी, मग शिट्टी, मग वेगवान माकरू. नवशिक्या वर्गाला उत्तम, कारण सगळे एकमेकांसमोर येतात.

कुकू गिनीच्या जंगलपट्ट्यातला, बेयला भागातला, स्त्रियांच्या नाचाशी जोडलेला. कार्यशाळांत इतका शिकवला जातो की अनेकांना तो "आफ्रिकन ताल" वाटतो.

कासा पिकाच्या कापणीचा. शेतात वादक ओळीपुढे वाजवत जातात.

सोली दीक्षाविधीच्या काळातला, त्रिपट आणि वेगवान. मंचावर वाजतो, पण मुलांच्या वाढदिवसाला वाजवायचा नव्हे.

दुनुन्बा हे मोठ्या ढोलाचं नाव आणि हामाना भागातल्या, म्हणजे कुरूसा परिसरातल्या तालांच्या कुटुंबाचंही. "बलवानांचा नाच" म्हणून तो प्रसिद्ध. या कुटुंबात विसाहून जास्त ताल आहेत आणि बहुतेकांत दुनुनच्या ओळी लांब व फसव्या. पहिल्या वर्षी याला हात घालू नये असं आमचं मत. विद्यार्थी मागतात ते यालाच, ती गोष्ट निराळी.

सिंते मुळात पोकळ लाकडाच्या क्रिन या वाद्यावरचा, बोके भागातला. जेंबेवर नंतर आणलेला.

11. जेंबे "हजारो वर्षं जुनी मंचकला" आहे का?

वाद्य जुनं आहे. मंच अलीकडचा. केइता फोदेबा यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये ले बाले आफ्रिकें हा संघ उभा केला. 2 ऑक्टोबर 1958 ला गिनी स्वतंत्र झाला आणि हा संघ देशाचा राष्ट्रीय संघ ठरला. गावोगावच्या विधींमध्ये तासन्तास चालणारे नाच तिथे काही मिनिटांच्या मंचीय रचनांत बसवले गेले. वेगवेगळ्या जमातींचे ताल एकाच संघात आले, ओळी आणि प्रवेश-निर्गम ठरले. आज वर्गात जे "पारंपरिक" म्हणून शिकवलं जातं त्याचा मोठा भाग या संघांच्या तालमीतून आलेला आहे. फोदेबा पुढे मंत्री झाले आणि 1969 साली त्याच राजवटीच्या कॅम्प बॉइरो या तुरुंगात त्यांना मारण्यात आलं. मंचावरच्या चकचकीत वेशभूषेमागे हाही इतिहास आहे.

याच संघांतून जगाचे शिक्षक बाहेर पडले. फामूदू कोनाते 1959 पासून ले बाले आफ्रिकेंचे मुख्य जेंबेवादक होते. मामादी केइता किशोरवयात जोलिबा या दुसऱ्या राष्ट्रीय संघात गेले आणि 1991 साली त्यांनी ब्रसेल्समध्ये ताम ताम मांदेंग ही शाळा काढली. 2021 साली त्यांचं निधन झालं. जगभरच्या वर्गांत तालांची नावं, साथीच्या ओळी आणि इशारे बऱ्याच अंशी सारखे आढळतात, त्यात अशा शाळांचा वाटा मोठा आहे.

12. ग्रिओ घराण्यात जन्म नसेल तर जेंबे वाजवता येतो का?

येतो. जेली म्हणजे ग्रिओ ही वंशपरंपरेने चालणारी गायक-इतिहासकारांची घराणी: कुयाते, दियाबाते, सिसोको वगैरे. 21 तारांचा कोरा आणि लाकडी पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचा बालाफोन ही वाद्यं मुख्यतः त्यांची. गिनीतल्या निआगासोला गावात सोसो-बाला हा जुना बालाफोन कुयाते घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आहे आणि युनेस्कोने 2001 साली त्याची दखल घेतली. जेंबेला असं वंशाचं बंधन नाही. तो घडवणं मात्र पूर्वापार नूमू म्हणजे लोहार समाजाकडे.

मुली? खेड्यांत पूर्वी स्त्रिया जेंबे वाजवत नसत, नाचत आणि गात. आज गिनीची राजधानी कोनाक्रीचे स्त्री-वादकांचे संघ जगभर दौरे करतात. वर्गात मुलींना "फक्त नाच" देणारा शिक्षक परंपरेच्या नावाखाली स्वतःची सोय पाहतोय.

13. नाचाचा तास कसा आखावा?

दीड तासाचा हिशेब: 20 मिनिटं अंग तापवणं, 10 मिनिटं पावलं जागच्या जागी, 35 मिनिटं ओळीने पुढे जाणं, 15 मिनिटं वर्तुळ, 10 मिनिटं अंग सैल करणं.

ओळीने म्हणजे तिघं-चौघं एका रांगेत, खोलीच्या मागच्या टोकापासून वादकांकडे नाचत येतात, दोन्ही बाजूंनी फुटून मागे जातात. रांग वादकांपाशी पोचली की मुख्य जेंबे इशारा देतो आणि पुढची रांग निघते. वर्तुळात एकेकाने मध्ये येऊन दोन-चार पावलं करायची. मुख्य वादक त्याच्या पायाकडे बघून वाजवतो. वेग वाढवत शेवटी घट्ट आघातांचा भाग येतो, त्याला वादक फ्रेंच शब्द एशोफमाँ वापरतात, आणि मग इशारा. नर्तक वादकाकडे पाठ करून नाचला तर हा संवादच तुटतो.

अंगाची ठेवण: गुडघे कायम सैल, धड कमरेतून पुढे, पाठ सपाट, वजन खाली. भरतनाट्यम केलेल्या मुली अरमंडीत जातात आणि धड ताठ ठेवतात, ते मोडायला वेळ लागतो. जमीन लाकडी असावी. काँक्रीट किंवा टाइल्सवर अनवाणी तासभर उड्या मारल्या तर पोटऱ्या आणि नडगी दुखणार हे नक्की. लापा हे गुंडाळायचं कापड लेगिंग्जवर घट्ट बांधा, गाठ बाजूला. शेवटी नर्तक वादकांसमोर येऊन त्यांना नमन करतात, ते टाळू नये.

14. शाळेत 30 मुलं आणि 45 मिनिटं. साहित्य किती लागेल?

10 जेंबे (20-25 सेंमी तोंडाचे, लहान मुलांसाठी), 3 दुनुन, उरलेली 17 मुलं नाचात. दर 10 मिनिटांनी गट फिरवा. दुनुन नसेल तर पथकातला ढोल आडवा बाकावर ठेवून जाड काठीने एकाच तोंडावर वाजवा, शेजारी घंटा दुसऱ्या मुलाला द्या. आवाज दुनुन्बाच्या जवळ जातो. दोनच आघात शिकवा, बास आणि टोन. स्लॅपच्या नादात सातवीतला वर्ग हात बडवत बसतो.

ढोलच मिळत नसतील तर दक्षिण आफ्रिकेचा गमबूट नाच घ्या. सोन्याच्या खाणींतल्या कामगारांनी पायांतले रबरी बूट थोपटून तो घडवला. आपल्याकडे पावसाळी बूट सहज मिळतात. मुलांना मागची गोष्ट सांगा: हे बूट कामगारांना खाणीतल्या पाण्यातून चालण्यासाठी दिलेले होते.

15. व्हायरल झालेला रंगीत मुखवट्याचा नाच बसवता येईल का?

तो बहुधा झाउली: कोत द'इव्हार, म्हणजे आयव्हरी कोस्टच्या गुरो लोकांचा. मुखवटा सुंदर स्त्रीचा, नर्तक पुरुष. 2017 साली युनेस्कोच्या यादीत आला. मुखवटा, नर्तक आणि समाज यांचं नातं असलेली ही परंपरा आहे, नुसती वेगवान पावलं नव्हेत. पावलांचा सराव म्हणून शिका, पण प्लॅस्टिकचा मुखवटा लावून गॅदरिंगला उभं राहू नका. मुखवट्याशिवाय करायच्या रचना प्रश्न 10 मध्ये भरपूर आहेत.

16. "फांगा आलाफिया" हे पारंपरिक स्वागतगीत ना?

फांगा हा नाच नृत्यदिग्दर्शक पर्ल प्रायमस यांनी 1949 साली लायबेरियातल्या अनुभवावरून अमेरिकेत मंचावर आणला. सर्वत्र गायलं जाणारं गाणं नंतरचं, शब्द योरुबा आणि चाल एका जुन्या अमेरिकन लोकगीताची. शिकवायला छान आहे. निवेदनात "गावातलं प्राचीन गीत" म्हणू नका.

17. सिद्दी धमाल आणि जेंबे एकच का?

नाही. सिद्दींचे पूर्वज पूर्व आफ्रिकेच्या बाजूने आले. गुजरातेत रतनपूरच्या बावा गोर दर्ग्याभोवतीचा गोमा किंवा धमाल मुगरमान ढोलावर होतो, सोबत मलुंगा हे एकतारी धनुष्यवाद्य. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींपैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज गोव्यातून तिकडे गेले आणि घरी कोकणी बोलतात. त्यांचा ढोल दमाम. मुरूड-जंजिऱ्याचं नातं महाराष्ट्राला माहीत आहेच. यांपैकी कशातही जेंबे नाही. "आफ्रिकन" म्हणून सिद्दी कलाकारांच्या हातात जेंबे देणारे आयोजक भेटतात. त्यांना धमालच वाजवू द्या.

18. मंचावर जेंबेचा बास ऐकू येत नाही. माइक वाढवून उपयोग होत नाही.

जेंबेचा तळ जमिनीवर सपाट टेकलेला असेल तर बास बाहेर पडतच नाही. बसून वाजवताना पुढे कलता ठेवा, उभं राहून वाजवताना पट्ट्याने लटकवा. वर एक डायनॅमिक माइक, काठापासून 15-20 सेंमी वर, हाताच्या वाटेत नाही. खाली उघड्या तोंडापाशी दुसरा, आणि त्याचा फेज उलटा करायला साउंडवाल्याला सांगा, नाहीतर दोन माइक मिळून बास खातात. दुनुनला प्रत्येकी एक, घंटेपासून लांबच्या तोंडाला. घंटा माइकशिवायच सगळ्यांवर मात करते.

19. गिनी किंवा मालीतल्या कलाकाराला कार्यशाळेसाठी बोलवायचंय. काय विसरलं जातं?

पिवळ्या तापाची लस. या देशांतून भारतात येणाऱ्याकडे प्रमाणपत्र हवंच, आणि लस प्रवेशाच्या किमान 10 दिवस आधी घेतलेली हवी. नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात, म्हणजे कार्यशाळा संपल्यावर पाहुणा बाहेर येतो. तिकडे शिकायला जाणाऱ्या भारतीयांनाही परतताना तेच लागतं. लस सरकारमान्य केंद्रांवरच घ्या. प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. पर्यटक व्हिसावर सशुल्क कार्यक्रम करता येत नाही, योग्य प्रकारचा व्हिसा आधीच काढा.

मानधन लेखी ठरवा: कार्यशाळा, प्रयोग आणि चित्रीकरण यांचं वेगवेगळं. मोबाइलवरचं चित्रीकरण फुकट मिळतं असं गृहीत धरणं हे या क्षेत्रातलं सर्वांत जुनं भांडण आहे. फ्रेंच येणारा एक माणूस सोबत असेल तर निम्मे गैरसमज होतच नाहीत.

20. कार्यक्रमात श्रेय कसं द्यावं? ताल कोणाच्या मालकीचा असतो का?

पारंपरिक ताल कोणा एकाचा नसतो. मात्र एखाद्या गुरूने बसवलेली रचना, त्याचा ठरलेला एकल भाग किंवा ध्वनिमुद्रण त्याचंच असतं. पत्रिकेत चार गोष्टी छापा: तालाचं नाव, लोक, प्रदेश, आणि कोणाकडून शिकलात. उदाहरणार्थ: "यांकादी-माकरू, सुसू, गिनीचा किनारा", आणि पुढे शिक्षकाचं नाव. रचना स्वतः जोडली असेल तर तसं लिहा.

21. तीन तास वाजवल्यावर लघवी तांबडी-तपकिरी झाली. घाबरू का?

जोरदार हातवादनानंतर असं होतं. वारंवार आपटल्याने तळव्यातल्या रक्तवाहिन्यांमधल्या तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांचा रंग लघवीत उतरतो. वादन थांबवा, पाणी भरपूर प्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण तोच रंग स्नायूंच्या इजेमुळे किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळेही येऊ शकतो. किती तास आणि कसं वाजवलं हे त्यांना सांगा. पुन्हा होऊ नये म्हणून ताकद कमी करा. स्वच्छ स्लॅपला ताकद लागत नाही (प्रश्न 3). सलग 45 मिनिटांनंतर हात बदला, म्हणजे घंटा घ्या किंवा नाचायला जा. कानात इअरप्लग घाला, विशेषतः बंद खोलीत. बधिरपणा किंवा मनगटात मुंग्या दुसऱ्या दिवशीही राहिल्या तर जेंबे बाजूला ठेवा आणि आठवडाभर फक्त बोल म्हणत सराव करा.